मध्यम किमतीचे स्पिनिंग रील पारखावे कसे?

मूळ लेख

गोड्या पाण्यातल्या मासेमारीसाठी मी दोन हंगामांपूर्वी २५०० मापाचे एक मध्यम किमतीचे स्पिनिंग रील घेतले आणि तेव्हापासून तळ्यावर आणि नदीवर तेच वापरत आलो आहे. घेताना मी ज्या गोष्टी पाहिल्या होत्या आणि आज ज्या गोष्टींमुळे ते रील मला समाधान किंवा त्रास देते, त्या फार थोड्या ठिकाणी जुळतात. त्या वेळी मी हँडलला एक झटका दिला, रोटर, म्हणजे हँडल फिरवले की फिरून लाइन गुंडाळणारा भाग, बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला आणि तेवढ्यावर माझे मत झाले. या एका कसोटीने रीलबद्दल फारच थोडे कळते, असे आता माझे ठाम मत आहे. रीलचे नाव देत नाही, कारण एका नगाच्या अनुभवावरून संपूर्ण मॉडेलबद्दल निकाल देणे योग्य नाही.

रिकामे रील किती वेळ फिरत राहते हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: आत ग्रीस किती आणि कोणते भरले आहे, आणि रोटरचे वजन किती आहे. जड रोटर एकदा फिरू लागला की स्वतःच्या वजनाने फिरत राहतो आणि गिअरमधली बारीक खरखर त्या गतीत दडून जाते. हलका रोटर लवकर सुरू होतो आणि लवकर थांबतो, म्हणून तो हातात कमी प्रतीचा वाटतो. पण आमिष हळूहळू ओढताना, मध्येच थांबून पुन्हा सुरू करताना तोच बरा पडतो. कारखान्यात घट्ट ग्रीस भरलेले चांगले रील पहिल्या दिवशी जड वाटते, तर तेलावर चालणारे साधे रील मऊ वाटते. थोडक्यात, दुकानात जे जाणवते ते रिकाम्या यंत्राचे वागणे असते आणि आपल्याला हवे असते ते भाराखालचे वागणे.

म्हणून मी आता एक साधी चाचणी करतो. रील रॉडवर बसवतो, लाइन सगळ्या कड्यांतून ओवतो, टोकाला अर्ध्या लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधतो आणि रॉड आडवा धरून ती जमिनीवरून हँडलने उचलतो. अर्धा किलो वजन काही फार नाही, पण तेवढ्याने बरेच काही उघडे पडते. स्पिनिंग रीलमध्ये हँडलची गती काटकोनात वळवून रोटरला द्यावी लागते, त्यासाठी एक मोठा ड्राइव्ह गिअर आणि त्याला आडवा लागणारा लहान पिनियन असतो. भार आला की हे दोन्ही एकमेकांपासून दूर ढकलले जातात, आणि त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम रीलच्या सांगाड्याचे असते. सांगाडा लवला तर दात पूर्ण बसत नाहीत, हँडलमध्ये खरखर येते आणि तीच पुढे झीज होते. बाटली वर येताना रीलचा पाय आणि सांगाडा यांच्या जोडाकडे पाहावे, हँडल आडवे डुलते का ते पाहावे, आणि मध्येच थांबून हँडल किती मागे सरकते तेही पाहावे. रिकामे फिरवताना सारखीच वाटलेली दोन रील या चाचणीत मला अगदी वेगळी वाटली आहेत.

बेअरिंगच्या संख्येबद्दल थोडेच लिहितो, कारण त्या आकड्याला फार महत्त्व दिले जाते. ड्राइव्ह गिअरच्या दोन बाजूंना दोन, पिनियनला एक आणि लाइनच्या रोलरमध्ये (लाइन ज्यावरून वळून आत येते त्या छोट्या चाकात) एक, एवढी बेअरिंग चांगल्या प्रतीची असली तर बाकीची हँडलच्या मुठीत आहेत की नाहीत याने मासेमारीत फारसा फरक पडत नाही. खोक्यावर दहाचा आकडा असलेल्या रीलच्या रोलरमध्ये मात्र बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे बुशिंग, म्हणजे साधी कडी, असू शकते, तेवढे तपासून घ्यावे.

ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की चकत्यांच्या घर्षणावर लाइन सुटू देणारी यंत्रणा, हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा आहे. खोक्यावर ड्रॅगची कमाल ताकद लिहिलेली असते आणि घेणारा ती तुलनेसाठी वापरतो. प्रत्यक्षात ड्रॅग लाइनच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा असतो. लाइन ४ किलोची असेल तर ड्रॅग १ ते साधारण १.३ किलोवर लागतो. अशा लाइनवर ५ किलो आणि १० किलो कमाल ड्रॅग असलेल्या रीलमधला फरक आपण कधीही वापरत नाही. पाहायचे असते ते हे, की १ किलोवर लावलेला ड्रॅग सुटताना किती ओढ मागतो आणि एकदा सुटल्यावर किती. घर्षणाचा स्वभावच असा आहे की थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो. हा फरक जितका मोठा, तितका माशाच्या पहिल्या धावेत लाइनला बसणारा झटका मोठा, आणि बारीक लाइन बहुतेक वेळा त्याच क्षणी तुटते. स्प्रिंगचा ताणकाटा लाइनला बांधून हळू ओढला की काटा आधी वर चढतो, मग खाली येऊन स्थिर होतो. या दोन जागांमधले अंतर हीच ड्रॅगची परीक्षा. ताण देऊन रात्रभर ठेवलेल्या रीलवर ती सकाळी पुन्हा करावी, कारण चकत्या दबून चिकटल्या असतील तर ते तेव्हाच कळते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ड्रॅगची चकती वळण्याला विरोध करते आणि तो विरोध कायम असतो, पण लाइनवर येणारा ताण स्पूलवर, म्हणजे लाइन गुंडाळली जाते त्या रिळावर, उरलेल्या लाइनच्या व्यासावर ठरतो. भरलेल्या स्पूलवर व्यास ४५ मिलिमीटर असेल आणि मोठ्या माशाने लाइन नेल्यावर तो ३० मिलिमीटर उरला, तर त्याच ड्रॅगवर ताण दीडपट होतो. १ किलोवर लावलेला ड्रॅग न हलवता १.५ किलो होतो, आणि त्यात वाकलेल्या रॉडच्या कड्यांचे घर्षण वेगळे मिळते. म्हणून लांब धावेत ड्रॅग किंचित सैल करावा लागतो आणि त्यासाठी ड्रॅगच्या गुंडीला बारीक टप्पे हवेत. गुंडी पाव फेरा फिरवली की सैल ड्रॅग एकदम घट्ट होतो, अशी काही रील मी हाताळली आहेत. त्यांची कमाल ताकद कितीही असो, मी ती बारीक लाइनसाठी घेणार नाही.

माझ्या रीलचा ड्रॅग या सगळ्यात चांगला उतरला आहे. त्याचा दोष लाइनच्या रोलरमध्ये निघाला. पहिल्या हंगामाच्या शेवटी लाइन वारंवार पीळ खाऊ लागली, सैल पडली की वेटोळी होऊ लागली. मी लाइन बदलली, आमिषाच्या पुढे स्विव्हल (पीळ सोडणारी फिरती कडी) लावले, तरी फरक पडला नाही. शेवटी रोलर काढून पाहिला तर आतले बेअरिंग गाळाने आणि गंजाने जाम झाले होते. रोलर फिरत नव्हता आणि लाइन त्याच्यावरून घासत जात होती. नवे बेअरिंग बसवल्यावर तक्रार संपली, पण एक संपूर्ण हंगाम मी लाइनला दोष देत राहिलो, याची चुटपुट अजून आहे.

आपण रील घेताना काय पाहता आणि वापरल्यावर कोणती गोष्ट महत्त्वाची ठरली, हे कृपया लिहावे.

प्रतिसाद १

बाटलीची चाचणी आवडली. एक शंका आहे. मी आजवर खोक्यावरच्या गिअरच्या प्रमाणावरूनच (हँडलच्या एका फेऱ्यात रोटरचे किती फेरे होतात त्यावरून) रील निवडत आलो, ६.२ म्हणजे जलद आणि ५.२ म्हणजे ताकदीचे. मध्यम किमतीत बहुतेक मॉडेल दोन्ही प्रमाणांत मिळतात. गोड्या पाण्यात सर्व प्रकारच्या आमिषांसाठी एकच घ्यायचे झाले तर कोणते घ्यावे?

धागाकर्त्याचे उत्तर

प्रमाण एकटे पाहू नये, कारण हँडलच्या एका फेऱ्यात किती लाइन येते ते प्रमाण आणि स्पूलवरच्या लाइनचा व्यास या दोन्हींवर ठरते. व्यास ४५ मिलिमीटर धरला तर एका वेढ्यात साधारण १४ सेंटिमीटर लाइन बसते, ५.२ प्रमाणावर एका फेऱ्यात सुमारे ७३ सेंटिमीटर येते आणि ६.२ वर सुमारे ८८. स्पूल अर्धवट भरलेले असून व्यास ३८ मिलिमीटर असेल, तर ५.२ चेच रील फक्त ६२ सेंटिमीटर ओढते. म्हणजे कमी भरलेले जलद रील आणि पूर्ण भरलेले मंद रील यांत जवळजवळ फरक उरत नाही. बहुतेक उत्पादक एका फेऱ्यात येणारी लाइन सेंटिमीटरमध्ये छापतात, तुलनेसाठी तोच आकडा घ्यावा.

एकच रील घ्यायचे असेल तर मी ५.२ च्या आसपासचे घेईन. पाण्यात जोरात विरोध करणारी आमिषे, म्हणजे खोल जाणारे क्रँकबेट किंवा मोठ्या पात्याचे स्पिनर, जलद गिअरवर मनगट दुखवतात. मंद गिअरवर हात थोडा भरभर फिरवता येतो, पण जलद गिअरवर हळू ओढण्याचा संयम फार कमी जणांना जमतो. मला तरी जमला नाही. तळाशी मऊ आमिष खेळवताना मात्र सैल लाइन चटकन गोळा करावी लागते आणि तिथे जलद गिअर खरोखर उपयोगी पडतो, त्यामुळे ज्यांची मासेमारी मुख्यतः तशी आहे त्यांनी ६.२ घ्यावे.

प्रतिसाद २

मी हौसेने रील उघडून दुरुस्त करतो. माझ्या टेबलावर मध्यम किमतीची जी रील येतात त्यांतल्या बहुतेकांचा दोष आपण लिहिला आहे तोच असतो. रोलर हा सगळ्यात जास्त भिजणारा, सगळ्यात जलद फिरणारा आणि सगळ्यात कमी तेल मिळणारा भाग आहे. चार-पाच वेळा वापरल्यावर तिथे पातळ तेलाचा एक थेंब, आणि बेल, म्हणजे रोटरवरची उघडझाप होणारी तार, जिथे वळते त्या सांध्यांत एक थेंब, एवढे केले तरी रीलचे आयुष्य वाढते. शिमानोच्या कोअरप्रोटेक्टमध्ये पाणी दूर सारणारी रचना असते आणि दाइवाच्या मॅगसील्ड पद्धतीत चुंबकाने धरून ठेवलेले तेल पाणी अडवते. अशी सोय मध्यम किमतीत मिळत असेल तर ती घ्यावी, परंतु ती रीलच्या कोणत्या भागात आहे हे वाचून घ्यावे, कारण मुख्य पिनियनला संरक्षण असून रोलरला नाही असे होऊ शकते.

दुसरा दोष लोक स्वतः निर्माण करतात. रोटरच्या खाली एकाच दिशेने फिरू देणारा रोलर क्लच असतो. त्यातले बारीक रोलर कोरडे किंवा अगदी नाममात्र तेलावर असले पाहिजेत. रील जड वाटते म्हणून कोणीतरी वरून भरपूर तेल सोडतो किंवा ग्रीस भरतो, रोलर निसटू लागतात, आणि नेमका हुक बसवण्याच्या झटक्यात हँडल मागे फिरते. थंडीत ग्रीस घट्ट झाले की हा दोष आणखी वाढतो. असे रील आले तर मी क्लच धुऊन, वाळवून परत बसवतो. बहुतेक वेळा एकही भाग बदलावा लागत नाही.

ड्रॅगच्या चकत्यांबद्दलही लिहितो. तेल लावलेल्या फेल्टच्या चकत्या कमी ताणावर फार मऊ सुटतात, म्हणून बारीक लाइनसाठी मला त्या आवडतात. पण मोठ्या ताणावर त्या दबतात आणि पाणी शिरले की त्यांचे वागणे बदलते. कार्बनच्या चकत्या उष्णता चांगली सोसतात आणि जास्त ताणावर स्थिर राहतात. दोन्हींना ड्रॅगसाठी बनवलेलेच ग्रीस लावावे. रील धुताना ड्रॅग घट्ट करावा म्हणजे आत पाणी जात नाही, पाण्याचा जोराचा फवारा मारू नये, आणि वाळल्यावर ड्रॅग सैल करूनच रील ठेवून द्यावे.

प्रतिसाद ३

पिळाबद्दल थोडी भर घालतो, कारण प्रत्येक पिळाचे कारण रोलर नसते. स्पूल स्थिर ठेवून लाइन त्याच्याभोवती गुंडाळायची, ही कल्पना कापड व्यवसायातले अल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये पेटंट केलेल्या रीलमध्ये रुजली, आणि पिळाची प्रवृत्ती या रचनेच्या मुळातच आहे. ती सगळ्यात वाईट रीतीने केव्हा उमटते, तर मासा लाइन ओढून नेत असताना आपण घाबरून हँडल फिरवत राहतो तेव्हा. ड्रॅग सुटत असतो, स्पूलवर लाइन येत नसते, पण रोटर फिरत असतो आणि त्याचा प्रत्येक फेरा लाइनला एक पीळ देतो. ५.२ प्रमाणाच्या रीलवर हँडलचे २० फेरे असे वाया गेले तर लाइनमध्ये शंभराहून अधिक पीळ भरतात. नव्या माणसाच्या हातात रील दिले की मी पहिली सूचना हीच करतो: ड्रॅगचा आवाज येत असेल तर हँडल थांबवावे, मासा थांबला की रॉड उचलून लाइन कमवावी आणि रॉड खाली नेताना ती गुंडाळावी.

प्रतिसाद ४

मी वेणीची लाइन वापरतो, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, जिच्यावर जाडी सांगणारा पीई क्रमांक असतो ती. अशा लाइनसाठी रील पारखताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, लाइन स्पूलवर घट्ट बसते का. ही लाइन गुळगुळीत असते आणि धातूच्या स्पूलवर तिचा संपूर्ण गोळा एकत्र घसरतो; मग ड्रॅग बिघडला आहे असे वाटते, पण फिरत असते ती लाइन. काही स्पूलच्या तळाशी रबराची पट्टी असते; नसेल तर आधी नायलॉनचे काही वेढे घालावेत. दुसरी गोष्ट धारणशक्तीची. पीई १ ची जाडी ०.१६५ मिलिमीटर असते. ०.२५ मिलिमीटरची नायलॉन लाइन १०० मीटर मावते त्या जागेत ही सुमारे २३० मीटर मावते. एवढी लाइन गोड्या पाण्यात कशाला हवी? म्हणून उथळ स्पूलचे रील घ्यावे किंवा खाली नायलॉनचा भराव द्यावा.

भरताना स्पूलच्या कडेपासून २-३ मिलिमीटर जागा सोडावी. काठोकाठ भरले तर फेकताना एकदम अनेक वेढी सुटतात आणि गाठ पडते. फेकल्यावर बेल हाताने बंद करून लाइनला हलका ताण द्यावा. हँडलने बंद केली की पहिला वेढा सैल पडतो आणि पुढच्या फेकीत तोच अडकतो.

प्रतिसाद ५

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. गुळगुळीतपणाला त्यांनी फारच खालचे स्थान दिले आहे. मी थंड पाण्यात ट्राउटसाठी १ ते ३ ग्रॅमची आमिषे वापरतो. अशा आमिषाचा अर्धा संदेश हँडलमधून येतो: पाण्याचा प्रवाह बदलला, पाते फिरायचे थांबले, माशाने नुसते नाक लावले. गिअरमध्ये बारीकशी खरखर असेल तर हे सगळे तिच्यात बुडून जाते. माझ्यासाठी भाराखालचा कणखरपणा दुय्यम आहे, कारण माझ्या लाइनवर तेवढा भार येतच नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आपला आक्षेप मला पटतो आणि मूळ लेखात मी हा भेद करायला हवा होता. मी प्रामुख्याने बास आणि मध्यम कार्पसाठी मासेमारी करतो, त्यामुळे माझे मत त्या भारातून घडले आहे. तरीही आपण ज्याला गुळगुळीतपणा म्हणता तो हँडलला झटका देऊन कळणारा नव्हे, असे मला वाटते. आपल्याला हवा तो हलका रोटर, नेमके बसणारे गिअर आणि कमी गतीवर न अडखळणारी चाल. ते पाहण्यासाठी हँडल दोन बोटांनी, एका फेऱ्याला पाच-सहा सेकंद लागतील इतके हळू फिरवून पाहावे. जड रोटरचे रील जलद फिरवताना जी खरखर लपवते, ती इतक्या संथ गतीत लपत नाही.

प्रतिसाद ६

मी नुकतीच सुरुवात केली आहे. २५०० घ्यावे की ४०००? आणि एकाच आकड्याची दोन वेगळ्या कंपन्यांची रील आकाराने सारखी का दिसत नाहीत?

प्रतिसाद २ देणाऱ्यांचे उत्तर

हे आकडे कोणत्याही समान मानकाने ठरलेले नाहीत. एकाच कंपनीतही ते फसवतात: शिमानोचे सी ३००० हे २५०० च्याच सांगाड्यावर मोठ्या धारणशक्तीच्या स्पूलसह येते, आणि दाइवाच्या एलटी मालिकेतले ३०००-सी देखील लहान सांगाड्यावरचे असते. म्हणून वजन, स्पूलची धारणशक्ती आणि सांगाडा हे तिन्ही पाहावे. ०.२० ते ०.२८ मिलिमीटर लाइन आणि सुमारे दोन मीटर लांबीचा हलका ते मध्यम रॉड असेल तर २५०० पुरेसे आहे. मोठ्या कॅटफिशसाठी किंवा दूरवर जड वजन फेकण्यासाठी ४००० घ्यावे, आणि त्या मापात मी धातूचा सांगाडा सुचवीन. २५०० मध्ये कार्बन मिसळलेल्या प्लॅस्टिकचा सांगाडा गोड्या पाण्याला पुरतो. घेण्यापूर्वी रील आपल्याच रॉडवर लावून रॉडचा तोल बोटावर पाहावा. टोक जड राहत असेल तर हलके रील घेऊन दिवसभरात मनगट अधिकच थकते.

धागाकर्त्याचे उत्तर

एक गोष्ट मूळ लेखात राहिली, ती लाइन बसण्याची. भरलेले स्पूल बाजूने पाहावे. लाइन पुढच्या कडेशी उंच चढली असेल तर ती फेकताना झुबक्याने सुटते. मागे उंच असेल तर पुढच्या कडेवर जास्त घासते आणि अंतर कमी होते. हा दोष दिसला म्हणून रील परत करण्याची गरज नसते. स्पूलच्या खाली दांड्यावर पातळ वॉशर असतात. लाइन पुढे साचत असेल तर एक वॉशर वाढवावा, मागे साचत असेल तर एक काढावा. काही उत्पादक खोक्यात जास्तीचे वॉशर देतातही.

प्रतिसाद ४ वाचून काल मी माझे स्पूल तपासले. लाइन पुढच्या बाजूला स्पष्ट उतरती दिसत होती, म्हणजे पुढचा चढ मी दोन हंगाम पाहिलाच नव्हता. अर्धा मिलिमीटरचा एक वॉशर घालून, सगळी लाइन मैदानावर सोडून, ओल्या फडक्यातून ताण देत पुन्हा गुंडाळली. आता स्पूल सरळ भरले आहे. उद्या सकाळी पाण्यावर जाणार आहे. वेणीच्या लाइनच्या गाठी कमी झाल्या का, ते परत आल्यावर इथेच लिहितो.

प्रतिसाद ४ देणाऱ्यांचे उत्तर

आपल्या वर्णनात एक विसंगती वाटते. पुढे चढ असेल तर उतार मागच्या बाजूला दिसायला हवा. वॉशर घालण्यापूर्वी लाइन नेमकी कोणत्या कडेशी उंच होती?

धागाकर्त्याचे उत्तर

आपण बरोबर पकडलेत. लाइन पुढच्या कडेशी उंच होती आणि मागे उतरत होती. लिहिताना मी उलट लिहिले. वॉशर योग्य दिशेनेच घातला गेला आहे. आज पहाटेपासून दुपारपर्यंत फेकत होतो. गाठ एकच पडली, आणि तीही मी बेल हँडलने बंद केली तेव्हा.